ओतण्याआधीचे ओतकाम

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणारी गाडी पापनाशम सोडते आणि लागोपाठ दोन लहान स्टेशने येतात: सुंदरपेरुमाळ कोयिल आणि स्वामीमलै. आजूबाजूला भातखाचरे आहेत, जवळून कावेरी वाहते आणि थोडे पुढे दारासुरम लागते. तिथले बाराव्या शतकातले ऐरावतेश्वर मंदिर २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, तेव्हापासून १७९९ मध्ये कारभार इंग्रजांकडे जाईपर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली होता, त्यामुळे मराठी वाचकाला तो अगदी परका नाही. याच पट्ट्यात स्वामीमलैचे स्थपती आजही देवांच्या धातुमूर्ती ओततात. त्यांचे काम पाहायला येणाऱ्यांचे डोळे मुशीतल्या लालभडक रसावर खिळतात. तो क्षण देखणा असतो खरा, पण ओतकामात ठरण्यासारखे बहुतेक सगळे त्याआधीच ठरून गेलेले असते. ओतकामाचा निकाल साच्यात लागतो. साचा किती कोरडा, किती तापलेला, आतली हवा बाहेर सोडणारा आणि धातूच्या आकसण्याची सोय ठेवणारा आहे, यावर वस्तू बरी निघणार की वाया जाणार हे ठरते. हे विधान पटवण्यासाठी इथे दोन टोकांची उदाहरणे घेतली आहेत. एका टोकाला बंदुकीची शिशाची गोळी, म्हणजे ओतकामातली सगळ्यात साधी वस्तू. दुसऱ्या टोकाला स्वामीमलैची मूर्ती, म्हणजे सगळ्यात अवघड वस्तूंपैकी एक. दोन्हीकडे एकच नियम निघाला, तर तो धातूवर, धर्मावर किंवा प्रांतावर अवलंबून नाही असे म्हणता येईल.

आधी गोळी पाहू. तोंडाकडून ठासायच्या बंदुकांच्या काळात गोळी ही बाजारात तयार मिळणारी वस्तू नव्हती. प्रत्येक नळीचा व्यास थोडा वेगळा असे, म्हणून चांगल्या बंदुकीबरोबर तिच्या मापाचा साचाही दिला जाई. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. त्याला भट्टी लागत नाही, छावणीतल्या चुलीवर लोखंडी पळीत ते पाणी होते. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या वखारी जो माल विकत, त्यात शिसे असे आणि त्याला गिऱ्हाईक होते ते याच कारणाने. बंदुकीचे माप सांगण्याची जुनी रीतही साच्यातून निघाली आहे: एका पौंड शिशातून नळीच्या मापाच्या बारा गोळ्या होत असतील, तर ती बंदूक बारा बोअरची. साचा म्हणजे लोखंडाचे, पितळेचे किंवा हल्ली अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे. दोन्हींत अर्धी अर्धी पोकळी कोरलेली, मागे सांडशीसारखे दांडे, आणि माथ्यावर भोक असलेली एक फिरती पट्टी. भोकातून शिसे ओतायचे, ते थिजले की पट्टी फिरवून वरचे शेपूट कापायचे, ठोकळे उघडायचे, गोळी खाली पडते. वर्णन ऐकून वाटते, यात बिघडण्यासारखे काय आहे? पण नवा साचा हातात घेऊन थेट ओतायला बसणाऱ्याच्या पहिल्या गोळ्या हमखास सुरकुतलेल्या, कडा न भरलेल्या आणि अर्धवट निघतात. शिसे तेच, पळी तीच, हातही तोच, तरी गोळी बिघडते. याचा अर्थ दोष साच्याच्या तयारीत असतो.

ही तयारी कशी असते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. कारखान्यातून आलेल्या साच्याला गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. हे तेल पोकळीत राहिले, तर तापलेल्या शिशाच्या स्पर्शाने त्याची वाफ होते. ती वाफ धातू आणि साचा यांच्या मध्ये शिरते आणि गोळीच्या अंगावर सुरकुत्या उठतात. म्हणून पहिले काम धुण्याचे: साबण आणि कढत पाण्याने किंवा तेल विरघळवणाऱ्या द्रावणाने, मऊ ब्रशने, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग साचा पूर्ण वाळवायचा. नंतर उजेडात धरून कडा पाहायच्या. कोरताना राहिलेली धातूची बारीक धार असेल तर ठोकळे घट्ट मिटत नाहीत आणि गोळीला शिवण येते. ती धार हलक्या हाताने काढायची, पोकळीला मात्र पोलादी हत्यार लावायचे नाही. बिजागरीला आणि जुळणीच्या खिळ्यांना तेलाचा नावापुरता थेंब, पोकळीच्या आसपासही नाही. मग साचा शिशाच्या भांड्याच्या काठावर ठेवून तापवायचा आणि पहिल्या ओतांतल्या गोळ्या सरळ पळीत परत टाकायच्या. लोखंडी साचा असा अनेकदा तापून निवला की त्यावर ऑक्साइडचा गडद पातळ थर बसतो आणि त्यानंतर गोळ्या सहज सुटू लागतात. बिडाचा नवा तवा जसा पहिल्या घावनांना चिकटतो आणि वापरात आल्यावर सरावतो, तसेच हे. काही जण पोकळीला दिव्याची काजळी धरतात. त्या पातळ थरामुळे उष्णता जरा सावकाश निसटते आणि धातूला कोपरे भरायला क्षणभर जास्त मिळतो.

या कृतींमागे चार कारणे आहेत आणि ती एकदा लक्षात आली की कोणत्याही ओतकामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पहिले कारण ओल आणि तेल. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते, त्यामुळे साच्यात किंवा वितळलेल्या शिशाखाली गेलेला पाण्याचा एक थेंबही गरम धातू अंगावर उडवू शकतो. दुसरे कारण थंडी. साचा गार असेल तर धातू पोकळी भरण्याआधीच भिंतीला थिजतो. उलट तो अति तापला तर गोळी पांढुरकी, भुरकट दिसते आणि थिजायला उशीर लागतो. म्हणून अनुभवी माणूस एका लयीत ओततो, त्या लयीनेच साच्याचे तापमान स्थिर राहते. तिसरे कारण हवा. पोकळी रिकामी दिसली तरी ती हवेने भरलेली असते आणि धातू आत येताना तिला वाट हवी. यासाठी ठोकळ्यांच्या जुळणीच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या मळाने बुजल्या की गोळीचे कोपरे गोलावतात. चौथे कारण आकसणे. धातू थिजताना आक्रसतो आणि वरून भर मिळाली नाही तर आत पोकळी राहते. माथ्यावर उरलेले शेपूट फुकट गेलेले वाटते, पण थिजणाऱ्या गोळीला तेच शेवटची भर पुरवते. ते घाईने कापले तर गोळीच्या बुडाला खळगा पडतो. धातूत कथील थोडे मिसळले की रस नीट पसरतो, हेही खरे. पण गार किंवा तेलकट साच्याला कथिलाचा उपाय नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे. शिवाय शिसे विषारी आहे. त्याची भुकटी आणि वर जमणारा मळ हातावरून अन्नात जातो आणि सर्वांत जास्त बाधतो तो लहान मुलांना. गोळीचा साचा इथे आला आहे तो एक सोपे, उघडे उदाहरण म्हणून. त्यात चारही कारणे वेगवेगळी दाखवता येतात. मूर्तीच्या साच्यात तीच चार कारणे मातीच्या आत दडलेली असतात आणि तिथे चुकीची किंमत गोळीसारखी पळीत परत टाकून भागवता येत नाही.

स्वामीमलैला साचा बनवण्याची सुरुवात मेणापासून होते. मधमाशांचे मेण, कुंगिलियम ही राळ आणि शेंगदाण्याचे तेल एकत्र वितळवून गाळतात. राळेमुळे मेणाला ताठपणा येतो, तेलामुळे ते बोटांना वळते. नारळाच्या पातीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून तिला घड्या घालतात आणि त्या घड्यांवरून अवयवांची मापे घेतात. ही मापे शिल्पशास्त्रातल्या तालमानाची, म्हणजे अवयवांच्या ठरलेल्या प्रमाणांची असतात. मेणाची मूर्ती पुरी झाली की तिला मेणाच्याच नळ्या जोडतात. पुढे धातू कुठून आत येणार आणि हवा कुठून बाहेर जाणार, याचा नकाशा इथेच पक्का होतो. मग मातीचे थर चढतात. पहिल्या थरासाठी कावेरीच्या काठची गाळाची माती, जिला तिकडे वंडल मण् म्हणतात, भाताच्या जळक्या तुसाबरोबर अगदी मऊ वाटून घेतात आणि मेणावर पातळ लिंपतात. दुसरा थर भातखाचरातल्या मातीत वाळू मिसळून केलेला, तिसरा त्याहून भरड. मूर्ती मोठी असेल तर वरून लोखंडी तार आणि सळ्या बांधतात. तुसाची निवड डोळसपणे झालेली आहे. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते आणि ती प्रखर उष्णतेत टिकते. तूस जळून गेल्यावर मातीत बारीक छिद्रे राहतात आणि त्यांतून हवा व वाफ निसटते. गोळीच्या साच्यावर जे काम कोरलेल्या रेघा करतात, ते इथे भाताचे तूस करते. पहिला थर मऊ का आणि शेवटचा भरड का, याचेही उत्तर त्यातच आहे: आतल्या थराने पापणीची कडसुद्धा उचलली पाहिजे, बाहेरच्या थराने वजन पेलले पाहिजे आणि वाफेला वाट दिली पाहिजे.

थर चढवण्यापेक्षा जास्त धीर वाळवताना लागतो. साचा उन्हात ठेवला तर वरची माती आधी वाळून आक्रसते, आतली ओली राहते आणि तडा जातो. म्हणून प्रत्येक थर सावलीत वाळवतात आणि तो पुरता वाळल्याशिवाय पुढचा लावत नाहीत. तरीही सावलीत वाळलेली माती खऱ्या अर्थाने कोरडी नसते. मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी असते आणि ते साधारण साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान सुटते. साचा गोवऱ्यांच्या आगीत तापवतात, तेव्हा आधी मेण वितळून नळीवाटे निघून जाते. पण मेण गेले म्हणून थांबायचे नसते. साचा आणखी तापला की ते बांधलेले पाणी जाते, मेणाचा उरलेला अंश जळतो आणि भिंत इतकी गरम होते की आत येणारा रस लगेच थिजत नाही. मग साचा तोंड वर ठेवून जमिनीत पुरतात, भोवती माती ठोकून बसवतात, म्हणजे धातूच्या दाबाने तो उकलत नाही. तांबे १,०८५ अंशांना वितळते. त्यात पितळ आणि शिसे मिसळून केलेला रस मळ काढून, बारीक आणि न तुटणाऱ्या धारेने ओततात. धार तुटली तर दोन ओतांमध्ये सांधा राहतो. ओतणे काही मिनिटांत उरकते. साचा निवायला मूर्तीच्या आकाराप्रमाणे वेळ द्यायचा आणि मग तो फोडायचा. ज्यावर इतके दिवस खपले, तो साचा एकाच मूर्तीला जन्म देऊन संपतो.

हा हिशोब आपल्याकडे किती जुना आहे, याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मेणाची मूर्ती, तिच्या नळ्या, मातीचे थर, सावलीत वाळवणे आणि रस ओतणे ही सगळी रीत सांगितली आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात ही नोंदही याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो चांगला माहीत आहे. मेणाच्या वजनाला किती पट धातू घ्यायचा हेही त्यात धातुवार दिले आहे: तांब्या-पितळेपेक्षा चांदीला जास्त, सोन्याला त्याहून जास्त. आजच्या घनतेच्या आकड्यांशी हे ताडून पाहता येते. मधमाशांच्या मेणाची घनता ०.९६ च्या आसपास असते, कांशाची ८.८ च्या. म्हणजे एक किलो मेणाने अडवलेली जागा भरायला सुमारे नऊ किलो कांसे लागते, शिवाय नळ्यांत राहणारे आणि मळात जाणारे वेगळे. दक्षिणेतल्या मूर्ती बहुधा भरीव ओतल्या जातात, त्यामुळे हा अंदाज चुकला तर रस मध्येच संपतो आणि साचा वाया जातो. धातू तोलण्याचे कामही मेणाच्या मूर्तीवरून, म्हणजे साच्याच्या बाजूनेच चालते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की साच्याचे एवढे स्तोम कशाला, मूर्तीचे मोल तिच्या धातूत आहे. पंचधातूची मूर्ती म्हणून लोक ती घेतात आणि रसात सोन्या-चांदीचा कण टाकतात, तो श्रद्धेने. त्या श्रद्धेचा मान राखूनही पुरावा काय सांगतो ते पाहावे. चोळकालीन मूर्तींच्या रासायनिक तपासण्या झाल्या आहेत. बेंगळुरूच्या शारदा श्रीनिवासन यांचे या क्षेत्रातले काम सर्वमान्य आहे. या मूर्तींचा मुख्य घटक तांबे आहे आणि त्यात कथील व शिसे मिसळलेले आहे. शिशामुळे रस पातळ वाहतो आणि नंतर छिन्नीलाही सोपे जाते, एवढा धातूचा वाटा निश्चित आहे. पण हेच घटक त्याच प्रमाणात घेऊन ओल्या किंवा गार साच्यात ओतले, तर हाती सच्छिद्र आणि अपुरी वस्तू येईल. धातूचा मगदूर वस्तू किती चांगली होऊ शकते याची मर्यादा ठरवतो, आणि त्या मर्यादेपर्यंत पोचणे साच्याच्या तयारीवर अवलंबून राहते. गोळीच्या उदाहरणात शिसे न बदलता केवळ साचा धुऊन आणि तापवून सुरकुत्या जातात. कारण आणि परिणाम इतके स्वच्छ वेगळे दाखवणारा दुसरा प्रयोग शोधावा लागत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. लोखंडी साचा हजारो गोळ्या देतो, मातीचा साचा एकच मूर्ती देऊन फुटतो. मग मातीच्या साच्यावर वेळ घालवणे ही उधळपट्टी नाही का? याचे उत्तर भूमितीत आहे. गोळी अशा आकाराची असते की दोन ठोकळे बाजूला झाले की ती मोकळी होते. नटराजाचे तसे नाही. उचललेला पाय, पसरलेले चार हात, उडणाऱ्या जटा, भोवतीची प्रभावळ, यांतले काहीच सरळ ओढून निघणार नाही. ताठ साचा उघडायचा म्हटला तर त्याचे अनेक तुकडे करावे लागतील आणि प्रत्येक तुकड्याच्या जोडावर शिवण येईल. म्हणून इथे साचा फोडणे हाच तो उघडण्याचा मार्ग आहे. आणि फुटणारा साचा केवळ जुन्या कलेत असतो असे समजू नये. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत, तसेच बेळगावला, वाहने आणि पंपांसाठी बिडाचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत. तिथे वाळूचा साचा प्रत्येक ओतानंतर मोडतात आणि तीच वाळू पुन्हा घेऊन नवा बांधतात. मोठ्या उत्पादनात, नफ्यातोट्याचा काटेकोर हिशोब ठेवणारे उद्योजक हे करतात, तर मातीचा साचा फोडण्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

याच फाउंड्र्यांवरून तिसरा आक्षेप घेता येतो आणि तो जास्त नेमका आहे. साचा कोरडाच हवा असे म्हणता, मग कोल्हापूरची वाळू ओली का असते? वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी यांचे ते मिश्रण असते. पाण्याचे प्रमाण साधारण तीन-चार टक्के. त्यात हजार अंशांच्या वर तापलेला लोखंडाचा रस ओततात आणि तरीही स्फोट होत नाही. पण तिथे हे पाणी रोज मोजले जाते आणि वाळूतून हवा किती सहज जाते याचीही चाचणी घेतली जाते. पाणी जरा वाढले किंवा वाळू जास्त ठोकली गेली की कामगार ज्याला ब्लोहोल म्हणतात तो दोष ओतीवात येतो. तेव्हा नियमाची मांडणी अशी दुरुस्त करावी लागते: साच्यात तेवढीच ओल चालेल, जेवढ्या ओलीच्या वाफेला बाहेर पडायला वाट ठेवली आहे. सच्छिद्र वाळूत ती वाट मोठी असते, मातीच्या दाट साच्यात लहान, लोखंडी ठोकळ्यात जवळजवळ नसतेच. त्या क्रमानेच कोरडेपणाची शिस्त कडक होत जाते. आक्षेपाने मूळ मुद्दा पडत नाही, उलट तो अधिक अचूक होतो.

चौथे म्हणणे असे की ओतताना काही बिघडले तरी पुढे छिन्नी, कानस आणि जोडकाम आहेच. स्वामीमलैला मूर्ती बाहेर आल्यावर कोरीवकामात बराच काळ जातो, हे खरे आहे. परंतु छिन्नी धातू काढू शकते, घालू शकत नाही. पृष्ठभागावरची खरड साफ होते, पण आतली पोकळी कोरीवकामाने अधिक उघडी पडते. शिवाय भग्न मूर्ती पूजेत ठेवू नये असा संकेत आहे, त्यामुळे ओतताना न भरलेला हात नंतर जोडून देणे भाविकाला मान्य होत नाही. मूर्ती जितकी मोठी, तितकी ही अडचण वाढते. दिल्लीच्या भारत मंडपमसमोर २०२३ मध्ये उभा केलेला नटराज स्वामीमलैच्या स्थपतींनी याच मेणाच्या रीतीने घडवला. तो २७ फूट उंच आणि सुमारे १८ टन वजनाचा आहे. एवढ्या कामात दुरुस्तीच्या भरवशावर साच्याशी कोणी तडजोड करणार नाही. आकसण्याचा प्रश्नही आकाराबरोबर वाढतो, कारण जाड भाग उशिरा थिजतो आणि त्याला शेवटपर्यंत भर लागते. ती भर देणाऱ्या नळ्या मेणाच्या अवस्थेतच योग्य जागी बसलेल्या असाव्या लागतात.

सर्वांत वजनदार आक्षेप आधुनिक तंत्राचा आहे: यंत्रे आल्यावर या जुन्या सोपस्कारांची गरज काय? गोळ्यांच्या बाबतीत तर साचाच टाळल्याचे उदाहरण आहे. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी १७८२ मध्ये पेटंट घेतले. त्या रीतीत वितळलेले शिसे उंच मनोऱ्यावरून चाळणीतून सोडतात, थेंब पडता पडता आपोआप गोल होतात आणि खाली पाण्यात थिजतात. पण ही युक्ती चालते ती छर्‍यांपुरती, कारण लहान थेंबालाच पृष्ठताण गोल ठेवू शकतो. मोठ्या गोळ्यांना साचा लागतच राहिला आणि १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिए यांनी पोकळ बुडाची लांबट गोळी आणली, तेव्हा साच्याला मधोमध बसणारा खुंट जोडावा लागला आणि तो आणखी नाजूक झाला. मूर्तींच्या बाबतीत उत्तर याहून ठोस आहे. विमानाच्या जेट इंजिनातली टर्बाइनची पाती आज जगभर मेणाच्या रीतीनेच ओततात. मेणाच्या नमुन्यावर आधी अगदी बारीक कणांचा सिरॅमिक लेप देतात, मग क्रमाने भरड. प्रत्येक थर आर्द्रता सांभाळून वाळवतात. मेण काढून टाकतात. साचा भाजतात आणि तापलेल्या साच्यात रस ओततात. कावेरीची माती आणि भाताचे तूस यांच्या जागी तिथे ॲल्युमिना आणि झिर्कॉन आले, पण क्रम तोच राहिला. प्रयोगशाळा आणि संगणक हाताशी असलेल्या उद्योगाने साच्याच्या तयारीतला एकही टप्पा गाळला नाही, उलट प्रत्येक टप्प्याला मोजमाप लावले. यंत्रयुगाने साच्याची गरज संपवली असती, तर सर्वांत महागड्या यंत्राच्या सर्वांत नाजूक भागासाठी तो असा जपला गेला नसता.

महाराष्ट्रालाही या ज्ञानाचा इतिहास आहे. प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबादला १९७४ मध्ये तांब्याच्या चार भरीव वस्तू सापडल्या: माणूस हाकत असलेला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून जास्त आहे. त्यांचा नेमका काळ हा अभ्यासकांच्या वादाचा विषय आहे, पण त्या इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या आसपासच्या मानल्या जातात. एवढे भरीव तांबे एकसंध ओतायचे तर साच्याचे शास्त्र हातात असावेच लागते. पुढे १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली गेली. कांशाची ही प्रचंड तोफ आज विजापूरच्या तटावर आहे. तिचे तोंड सिंहमुखी आहे आणि त्या जबड्यातले बारकावे पाहिले की साचा किती कसोशीने केला असेल याची खूण पटते. या सगळ्या वस्तू जपल्या गेल्या, पण त्यांचे साचे फुटले, मातीत मिसळले. जे उरले त्याचेच कौतुक इतिहासात होते, आणि ओतारी हा मुळात साचा करणारा माणूस होता हे आपल्या लक्षातून निसटते.

हे विस्मरण निरुपद्रवी नाही, कारण त्याचा परिणाम आजच्या मजुरीवर आणि मातीवर होतो. स्वामीमलैच्या मूर्तींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते योग्यच झाले. परंतु त्या मानांकनाचा अर्थ पूर्ण व्हायचा असेल, तर ज्या गाळाच्या मातीमुळे हा साचा शक्य होतो ती मातीही राखली पाहिजे. १९३४ मध्ये मेट्टूर धरण झाले आणि कावेरीच्या गाळाचा मोठा वाटा वरच अडू लागला. खाली नदीपात्रातून वाळू उपसली जाते ती वेगळीच. सुंदरपेरुमाळ कोयिल ते कुंभकोणम या पट्ट्यातल्या योग्य मातीच्या जागा तपासून, नकाशावर नोंदवून राखीव ठेवणे हे मंदिर राखण्याइतकेच वारसा जपण्याचे काम आहे. शिक्षणाचेही तसेच. ममल्लापुरमच्या १९५७ साली सुरू झालेल्या शासकीय शिल्प महाविद्यालयापासून आपल्याकडच्या कला महाविद्यालयांपर्यंत सर्वत्र आकार घडवण्याला जितके महत्त्व मिळते, तितकेच साचा बांधणे, वाळवणे आणि भाजणे यांना स्वतंत्र विषय म्हणून मिळायला हवे. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाळूची चाचणी घेणारा तंत्रज्ञ आणि स्वामीमलैला माती वाटणारा कारागीर एकच प्रश्न सोडवत असतात. त्यांना एकत्र आणणारी कार्यशाळा दोघांनाही काही देऊन जाईल.

ग्राहकालाही यात वाटा आहे. मूर्तीची किंमत आपण धातूच्या वजनावर तोलतो, कारण वजन काट्यावर दिसते. साच्यावर गेलेले दिवस काट्यावर दिसत नाहीत, म्हणून घासाघीस नेमकी तिथे होते आणि घाईत केलेल्या, अर्धवट वाळवलेल्या साच्याला आपणच उत्तेजन देतो. मूर्ती घेताना ती किती किलोची आहे याबरोबर तिचा साचा किती दिवस वाळवला, कोणत्या मातीचा होता, किती भाजला, हे विचारावे आणि त्या उत्तराला पैसे मोजायची तयारी ठेवावी. चांगल्या साच्याला वेळ देणारा कारागीर टिकायचा असेल, तर त्या वेळाची मजुरी बिलात वेगळी लिहिली गेली पाहिजे आणि आपण ती आनंदाने दिली पाहिजे.